तोकिवांची डावी बाजू

मार्च ९

मालकांनी आज नवं लोढणं गळ्यात अडकवलं. कावासेमी रेसिंगचं हे चाळिसावं वर्ष, म्हणून चाहत्यांसाठी एक पुस्तिका काढायची. संघ कसा सुरू झाला, कुठे जिंकलो, कुठे आपटलो, कोण कोण आमची गाडी चालवून गेलं, सगळं.

"तू पहिल्यापासून आहेस, कुनिए. तूच लिही."

पहिल्यापासून आहे म्हणजे काय, मालकांच्या, म्हणजे कुरोइवांच्या गॅरेजात बिलं लिहायला आले होते मी, पोरसवदा. त्यांनी शर्यतीची गाडी बांधायचं वेड घेतलं आणि मला घरी जा म्हणायचं राहून गेलं. आता साठीला टेकले. फोन मी घेते, हॉटेलं मी ठरवते, शर्यत चालू असताना कानाला यंत्र लावून चालकाशी रेडिओवर मी बोलते. आणि कुणाला काढायचं असलं तर तेही मीच सांगते. मालकांना कडू बोलवत नाही. "कुनिए, जरा बघ ना," एवढंच म्हणतात, की मी समजते.

लिहायचा हात बसलाय, म्हणून ही वही घेतली. दोन दिवसांत कंटाळेन. मला मी माहीत आहे.

मार्च १६

फुजीच्या सर्किटवर सराव. वारा असा की चहा कपातच गार.

आमचे जुने चालक तोकिवा गाडीतून उतरले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या डाव्या हाताला टॉवेल धरून उभी. इतकी वर्षं हे असंच चालतं, ते न बघता हात लांब करतात आणि मी टॉवेल देते. आज त्यांनी हात केला तो भलतीकडे. हवेत चाचपडले. मी हातभर अंतरावर होते. मग पूर्ण वळले आणि दचकलेच.

"अरे, तुम्ही इथेच होतात?"

नंतर मी त्यांचं हेल्मेट ठेवायला गेले तर त्यांची पिशवी उघडी. आत निळ्या टोपणाची चिमुकली बाटली. ती बाटली मी विसरणं शक्य नाही. बाबांच्या डोळ्यांत रोज मीच ते थेंब घालत असे. काचबिंदू. बाबा शेवटपर्यंत पेपर वाचायचे, आणि दारांना थडकायचे. समोरचं सगळं दिसतं, बाजूचं जग हळूहळू जातं. वर्षातून एकदा चालकांचे डोळे तपासतात खरं, पण तो तक्ता समोरच टांगलेला असतो.

तोकिवांनी मला बघताना बघितलं. पिशवी बंद नाही केली. म्हणाले, "सागारा-सान, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी म्हटलं, "कसलं काय, चष्म्याशिवाय मला माझंच नाव वाचता येत नाही."

हसले थोडेसे. गप्प राहा असं सुचवत होते बिचारे. राहीन.

मार्च १७

झोप नाही. पण बाबांचं प्रकरण वेगळं होतं, ते ऐंशीचे होते. तोकिवा बावन्नचे. थेंब घालताहेत म्हणजे डॉक्टरांचं लक्ष आहे. डॉक्टरांना कळत नाही आणि मला कळतं, असं थोडंच आहे?

एप्रिल १४

ओकायामाला पहिली शर्यत, सहावे आलो. तोकिवांचे आकडे झकास. वळणावळणाला तेच जुने तोकिवा. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. परत येताना गाडीत मोठ्यांदा गाणी म्हटली. मेकॅनिक गोन्दा म्हणाले, "कुनिएताई, दया करा."

मे ५

फुजीची मोठी शर्यत. आठवे.

आज मालकांनी माझी बिनपाण्याने केली. का, तर मी रेडिओवर कमी बोलते. "सगळं सांगत जा त्याला. पिवळं निशाण निघालं, सांग. डावीकडून कोण घुसतंय, सांग. कोपऱ्यात कुणी उभं असलं तरी सांग." मी म्हटलं, मालक, चालकाला डोळे असतात. तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मालक म्हातारे झाले आता, बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालायला लागलेत.

गोन्दांनीही काहीतरी नवंच काढलंय. मागचं दाखवणारा छोटा पडदा चालकाच्या डावीकडे असायचा, तो उचलून उजवीकडे लावला. विचारलं तर म्हणाले, "फॅशन आहे ताई." आमचा दुसरा चालक मिबु ताइगा, चोवीस वर्षांचा, शर्यतीत आळीपाळीने त्याच गाडीत बसतो, त्याला ते उलटं पडत असणार. पण तो पठ्ठ्या कुरकुरला नाही. एरवी बसायची उशी अर्धा बोट सरकली तरी बोंबलतो.

जून २

पुस्तिकेसाठी तोकिवांची मुलाखत घ्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, हात्सुको-साननी, लोणच्याच्या चार तऱ्हा पुढे ठेवल्या. त्या माणसांत बसल्या की ओठ उघडत नाहीत, वाढत राहतात फक्त.

सुझुकाच्या पावसातल्या पहिल्या विजयाचं त्यांनी असं सांगितलं की मी लिहायचं सोडून ऐकत बसले. मग गॅरेज जळालं त्या वर्षाचं विचारलं. मला ठाऊक आहेच, पण त्यांच्या तोंडून हवं होतं. एका बड्या कंपनीने तेव्हा तोकिवांना बोलावलं होतं. हे गेले नाहीत. आमच्याकडे टायरला पैसे नाहीत, पगार नाही, आणि हे वर्षभर राहिले. वर्षाच्या शेवटी मालकांनी सगळ्यांसमोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणाले, "तोकिवा, तुला उतर असं मी कधी म्हणणार नाही." आणि तोकिवा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तोवर मी उतरणार नाही." आम्ही सगळे ढसाढसा रडलो होतो.

"काय वेडे होतो आम्ही," तोकिवा आज म्हणाले. "दोघांनी एकमेकांना कुलूप घातलं."

मी हे छान म्हणून टिपून घेतलं.

दारापर्यंत सोडायला आले. बूट घालताना म्हणाले, "मालक तुमचं ऐकतात. माझं ते ऐकणार नाहीत, आणि मी ते त्यांना म्हणूही शकत नाही."

काय म्हणायचंय ते नीट कळलं नाही. बहुतेक पगाराचं असावं. मालकांच्या कानावर घालीन म्हटलं होतं, राहिलं.

जुलै २१

तोकिवांचं पान लिहून झालं. शेवटचं वाक्य असं: "इतक्या वर्षांत ज्यांच्यामुळे ट्रॅकवर कुणालाही खरचटलं नाही, असे हे चालक." लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तसं ते खरंच आहे. आजवर खरं आहे.

त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नावाखाली सुरुवातीचं साल आहे, त्यापुढे 'आजवर' असं लिहिलंय. तिथे यंदाचं साल टाका ना."

"म्हणजे?"

"म्हणजे पान बंद होईल."

मी फाडकन म्हटलं, "अभद्र बोलू नका. माणूस धडधाकट असताना असं करतात का?"

त्यांनी मान डोलावली आणि चहा प्यायले. मी "आजवर" तसंच ठेवलं. त्यांना किती बरं वाटलं असेल, असं वाटतंय.

ऑगस्ट २६

सुझुकाहून परतले. पाय सुजलेत.

ताइगाचं काय करावं? सुरुवातही मलाच द्या, संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं तेव्हाही मलाच द्या, पाऊस आला तरी मीच. मालकांनी सगळं दिलं त्याला. तोकिवांच्या वाट्याला मधली उजेडातली मोकळी पाळी, तीही अर्धी.

मी त्याला बाजूला घेऊन झाडलं. "तोकिवा-साननी तुला हाताला धरून शिकवलं. त्यांच्या तोंडचा घास काढतोस? लाज वाटत नाही?"

त्याचं तोंड लालबुंद झालं. "मावशी, तुम्हाला खरंच... जाऊ दे. सॉरी." आणि कंबरेत वाकून निघून गेला. आजकालची पोरं. मोठ्यांचा मान कशाशी खातात ते माहीत नाही.

पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. संध्याकाळचं ऊन आलं तेव्हा गाडीत तोकिवा नव्हते. आणि सुटल्यासारखं झालं म्हणून स्वतःची किळस आली. मार्चपासून हे असंच चाललंय. ते गाडीत असले की मिनिटं मोजायची, उतरले की देवाचे आभार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. मालकांना सांगणं हे माझं काम आहे. कितीतरी जणांना मी घरी पाठवलंय, दोघं तर माझ्यासमोर रडले, मी चहा ओतून दिला आणि कागद पुढे केला. मग इथेच जीभ का लुळी पडते? ज्या वर्षी आम्हाला सगळे सोडून गेले, त्या वर्षी हा माणूस राहिला. त्याला "उतरा" म्हणायचं मी?

सप्टेंबर १५

माणूस जिवंत आहे. आधी हे लिहिते. माणूस जिवंत आहे.

सप्टेंबर १६

नीट लिहायला हवं.

फुजी. भर दुपार. तोकिवा गाडीत. शेवटच्या चढावरच्या एका वळणात कुणाचीतरी गाडी गरगरली आणि बंपरचा तुकडा ट्रॅकवर पडला. तिथल्या चौकीवर दोन स्वयंसेवक. एकाने पिवळं निशाण हलवलं, दुसरा तुकडा उचलायला धावला. निशाण डावीकडे होतं. माझ्यासमोरच्या पडद्यावर पिवळी खूण यायला दोन क्षण लागतात. खूण दिसली त्याच घटकेला मी ओरडले. तोवर तोकिवा तिथे पोचले होते, पूर्ण वेगात. बाकी सगळे निशाण बघून हळू झाले होते.

तुकडा उचलणाऱ्या माणसाने कठड्यावरून उडी टाकली म्हणून वाचला. गळ्याखालचं हाड मोडलं.

चौकशीला मालक, तोकिवा आणि मी. अधिकाऱ्यांनी विचारलं, निशाण का पाळलं नाही? तोकिवा उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "मला निशाण दिसलं नाही. खरं म्हणजे मला..."

आणि मी मधेच बोलले. "चूक माझी आहे. पडद्यावर खूण आली होती. मी उशिरा सांगितलं. शिवाय ते समोरच्या गाडीच्या मागे होते."

खोटं. सगळं खोटं. समोर गाडी नव्हती, उशीर मी केला नाही. कुठून आलं तोंडात कोण जाणे. तोकिवा तसेच उभे राहिले, मग हळूच खाली बसले. मालकांनी माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

संघाला दंड झाला. अहवालात असंही आलं की तो स्वयंसेवक ट्रॅकवर उतरायला जरा घाईने गेला. हे मी म्हटलं नव्हतं. पण माझ्या खोट्यात जागा उरली होती, ती त्याने भरली गेली.

बाहेर आल्यावर तोकिवांना म्हटलं, "काळजी करू नका, मी सांभाळलं." त्यांनी गाडीच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. मी चालवत त्यांना घरी सोडलं.

सप्टेंबर २०

मिठाईचा मोठा डबा घेऊन तोकिवा आणि मी त्या माणसाच्या घरी माफी मागायला गेलो. एनोकिदो त्याचं नाव. गोतेम्बाला घराच्या पुढल्या भागात तातामीच्या चटया शिवायचं त्याचं दुकान. हात गळ्यात बांधलेला. अर्धवट शिवलेली चटई भिंतीला टेकवून ठेवली होती, जाड सुया नीट ओळीत. हाड जुळेपर्यंत त्या तशाच राहणार.

आम्ही वाकलो. तर तो आमच्याहून खाली वाकला, मोडक्या हाडासकट.

"तोकिवा-सान, माझ्यामुळे तुमच्या संघाला दंड झाला. मी घाई केली. क्षमा करा."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्याला सांगायला हवं होतं, अहो भल्या माणसा, तुम्ही बरोबर होता. मी म्हटलं, "छे छे, आमचीच चूक." हे तर सगळेच म्हणतात. माफीच्या भाषेत खरं बोललं तरी ते खोट्यात जमा होतं.

त्याच्या भिंतीवर आमच्या पहिल्या विजयाचं छायाचित्र. तरुण तोकिवा, चिखलाने माखलेले. त्याने एका हाताने चहा आणला आणि तोकिवांच्या डावीकडे ठेवला. तोकिवांनी आभार मानले, कप मात्र घेतला नाही. एनोकिदो थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने कप उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवला. एवढं दुखत असताना केवढा नीटनेटकेपणा.

येताना तोकिवा म्हणाले, "सागारा-सान, आता तरी..."

आणि थांबले. सकाळपासून उपाशी होते. मी म्हटलं, "हो हो, आता तरी काहीतरी खाऊ या," आणि सोबाच्या शेवयांच्या दुकानापाशी गाडी वळवली. त्यांनी दोन घास खाल्ले.

ऑक्टोबर ८

पुस्तिकेला हात लावलेला नाही. मालक विचारत नाहीत. गॅरेजात कुणीच कुणाला काही विचारत नाही. मी आत गेले की गोन्दा पाना घेऊन गाडीखाली जातात, काम नसलं तरी.

मोतेगीची शेवटची शर्यत पुढच्या महिन्यात. चालकांची नावं कळवायची आहेत. मी तोकिवांचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

ऑक्टोबर १९

सर्किटवरून ओळखीच्या एका बाईचा फोन. सहज बोलता बोलता म्हणाली, एनोकिदो-साननी स्वयंसेवकाचा नारिंगी डगला परत केला. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. लग्नाच्या आधीपासून ते दर शर्यतीला त्या वळणावर उभे असायचे. "माझ्याच्याने आता नीट होत नाही," असं सांगून गेले.

फोन ठेवला आणि संडासात जाऊन बसले. किती वेळ ते माहीत नाही.

मला वाटत होतं मी एकाच माणसाला झाकतेय. झाकायला कापड कुणाचं वापरलं ते बघितलंच नाही. तो माणूस उरलेला जन्म समजत राहणार की चूक त्याची होती. आणि मोतेगीला दुसरा कुणीतरी डावीकडे उभा असेल.

सगळं माझ्यामुळे झालं. सांगायलाच हवं.

ऑक्टोबर २०

सांगितलं.

मालक कोठीत जुने टायर मोजत होते. दार लोटून घेतलं. म्हटलं, "तोकिवांना काचबिंदू आहे. डावीकडचं दिसत नाही. मला मार्चपासून माहीत आहे. चौकशीत मी खोटं बोलले. मोतेगीला त्यांना बसवू नका."

मालक टायरवर बसले.

"इतके महिने लावलेस, कुनिए."

"म्हणजे तुम्हाला..."

"एप्रिलात. चालताना दाराला खांदा लागला त्याचा. गोन्दाला माझ्याही आधी. पोराला मेमध्ये."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. तो पडदा. ती संध्याकाळची पाळी. ज्या पोराला मी लाज नाही का म्हटलं, त्याने वर्षभर दुप्पट गाडी चालवली होती, आणि माझ्या शिव्या वाकून घेतल्या होत्या.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात? माणूस मेला असता."

"मी शब्द दिलाय त्याला. माझ्या तोंडून ते निघणार नाही. असलं नेहमी तूच सांगतेस. मी म्हटलं, तुला दिसलं की तू येशील. तू येईनास. मग वाटलं, तुला दिसलं नसेल. रेडिओवर जास्त बोल म्हणून सांगितलं."

"'कुनिए, जरा बघ ना,' एवढं म्हणायचं होतं."

"ते म्हणणं म्हणजे उतर म्हणणंच झालं असतं."

असले आम्ही. प्रत्येकाने आपापल्या परीने त्या माणसाला सांभाळलं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला गाडीत बसवलं. मालक रडले. मी नाही रडले. मला रडण्याचा हक्क नाही असं वाटलं, आणि त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

ऑक्टोबर २१

तोकिवा गॅरेजात आले, मोतेगीसाठी गाडीतली सीट जुळवायला. गाडीत बसलेले होते, पट्टे बांधून. मी मुद्दाम त्यांच्या उजवीकडून गेले. गुडघ्यावर बसले.

"तोकिवा-सान, उतरा."

एवढंच आलं तोंडातून. आदबीचे सगळे शब्द सकाळी आरशासमोर पाठ केले होते, एकही आठवला नाही.

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. हातमोजे उतरवले, एकावर एक ठेवले. खूप सावकाश म्हणाले, "बरं."

मग म्हणाले, "ताइगाला सांगा, मोतेगीला सकाळी टायर तापायला वेळ लागतो. पहिल्या फेरीत जोर करू नको म्हणावं."

उतरताना मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला. मोडलं मी त्यांना. ज्याने आम्हाला उचललं होतं त्याला मी मोडलं. करायला हवं होतं ते केलं आणि तरीही वाटतंय की चोरी केली.

ऑक्टोबर २८

अधिकाऱ्यांकडे जाऊन खरं सांगितलं. उरलेल्या वर्षात मला रेडिओवर बसता येणार नाही आणि संघाचे गुण कापले जातील. मालक म्हणाले, बरोबर आहे. अहवालातून एनोकिदोंच्या घाईचं वाक्य काढतील.

मग गोतेम्बाला गेले, एकटीच, डबाबिबा न घेता. सगळं सांगितलं. तुम्ही चुकला नव्हता, मी खोटं बोलले.

एनोकिदो ऐकत होते. हात मोकळा झाला होता, पण अजून सुई ओढवत नव्हती. म्हणाले, "तोकिवा-सान आता चालवत नाहीत?"

"नाही."

"बरं झालं." एवढंच. माफ केलं असं म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. डगला परत घेणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरात बायको स्वयंपाक करत होती, मला थांबा म्हणाली. मी थांबले नाही.

नोव्हेंबर ११

मोतेगी. मी चाहत्यांच्या बाकांवर बसले, तिकीट काढून. ताइगा आणि एक उसना चालक. पाचवे आले, यंदाचा सगळ्यात चांगला नंबर. शर्यत संपल्यावर ताइगाला शोधून काढलं आणि सगळ्या मेकॅनिकांसमोर वाकले. तो इतका गडबडला की त्याच्या हातातली बाटली सांडली. "मावशी, उठा, लोक बघताहेत." म्हटलं, बघू देत.

नोव्हेंबर १७

पुस्तिकेचं कच्चं पान घेऊन तोकिवांकडे गेले. नावापुढे यंदाचं साल टाकलंय. कुणाला खरचटलं नाही, ते वाक्य काढून टाकलंय. तोकिवा डॉक्टरांकडे गेले होते. हात्सुको-सान एकट्याच. बसा म्हणाल्या आणि पान वाढलं. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं.

मी जेवायच्या आधीच मान खाली घातली. "तुमच्या यजमानांची गाडी मी काढून घेतली. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते."

त्या सूप ओतत होत्या. ओतून झालं. मग बोलल्या, आणि इतकं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"रागावू नका हं, एक सांगते. यंदा फुजीला जायचं असलं की सकाळी निघताना म्हणायचे, दुपारचा भात ठेव. आज मला गाडीत बसू देणार नाहीत, मी जेवायला घरी येईन. मी विचारलं, कोण बसू देणार नाही? तर म्हणाले, सागारा-सानना कळलंय. त्या सांगतील."

मी मान वर केली.

"मार्चपासून. मी ठेवायची झाकून. यायचे नाहीत. संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे, आजही नाही सांगितलं. फार भ्यायचे हो ते. तिथे दिसू द्यायचे नाहीत. इथे आंघोळीच्या पाण्यात बसले की हातपाय कापायचे. मग तो गार भात आम्ही दोघं खायचो. घरी आले हेच पुष्कळ, असं म्हणून मी खायची."

मी विचारलं, "सप्टेंबरातही?"

"त्या दिवशीही ठेवला होता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी आले असते. त्यांनी सूप माझ्या जवळ सरकवलं.

"जेवा ना, गार होतंय."

मी शितन् शीत खाल्लं. त्यांनी वाटी रिकामी बघितली आणि विचारलं, "आणखी वाढू?" मला नाही म्हणता आलं नाही.